वृद्धाश्रमात रात्री किती माणसे जागी हवीत?

निवृत्त परिचारिका, वर्धा जिल्हा
ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान १५० निराधार वृद्धांची सोय व्हावी, असा आकडा आहे. त्यांच्यामागे कर्मचारी किती असावेत, हे मात्र त्या कलमात नाही. माझे म्हणणे असे की कर्मचारी हजेरीपटावर न मोजता पाळीवर मोजावेत. एक माणूस चोवीस तास हजर ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात, आणि एकाने ४८ तास काम केले तरी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण धरले की चार. म्हणजे जिथे चार मावश्या आहेत, तिथे कोणत्याही घटकेला एकच मावशी असते. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि अंगाने भारी आजोबांना एकटीने ओढले की कातडी चादरीवर घासून तिथेच जखम धरते.

विश्वस्त, यवतमाळ जिल्हा
ताई, हिशेब बरोबर आहे, पण आमचा आश्रम गावाच्या देणगीवर आणि सुगीच्या धान्यावर चालतो. कापसाची वेचणी लागली की मावश्या शेतावर जातात, कारण तिथे किलोमागे रोख मजुरी मिळते. त्यांना दोष कसा द्यावा? संख्येची सक्ती झाली तर पहिले कुलूप आमच्यासारख्यांना लागेल, आणि एसटी स्थानकावरून आणलेल्या आजी पुन्हा तिथेच जातील. शिवाय आमचे बरेच वृद्ध चालते-फिरते आहेत, ते एकमेकांचे पाहतात.

एका वृद्धाचा मुलगा, चंद्रपूर जिल्हा
माझे वडीलही चालते-फिरतेच दाखल झाले होते. पुढे खुब्याचे हाड मोडून ते खाटेवर आले. आश्रमातली माणसे तितकीच राहिली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, उतारवयात तहान नीट कळत नाही, त्यामुळे पेला वरचेवर ओठाशी धरावा लागतो, आणि आमच्याकडे नेमका तेव्हाच तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम असतो, त्यामुळे मावश्या पाने तोडायला जातात. हे काम शेजारच्या खाटेवरील ऐंशीच्या आजोबांवर सोपवून मनुष्यबळ पुरेसे आहे, असे म्हणणे मला पटत नाही.

निवृत्त परिचारिका
सक्ती पैशाविना नको, हे मान्य. अनुदान खाटेला खिळलेल्यांच्या संख्येनुसार मिळावे. रात्री दोन माणसे मात्र हवीतच, त्यात तडजोड नको.

विश्वस्त
दोन म्हणजे, रात्रपाळी आठ तासांची धरली तरी आठवड्याचे ११२ तास, आणि तुमच्याच ४८ तासांच्या हिशेबाने नुसत्या रात्रीसाठी तीन पगार. तसा शासन निर्णय निघेपर्यंत मी रात्री एकच माणूस ठेवीन आणि खिळलेल्या वृद्धांना नवा प्रवेश देणार नाही.

निवृत्त परिचारिका
मग रात्री एकच माणूस असते, हे दारावरच्या फलकावर लिहावे, म्हणजे आत असलेल्यांच्या नातेवाइकांनाही ते कळेल.