वाढत्या कंपनीतले इंटरव्ह्यू आणि नोकरी: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रामबागवाली:
परवा मुलाला मेट्रो दाखवायला सुपर कॉरिडॉरला गेले होते (२०२५ च्या मेपासून सुरू आहे, मुहूर्त आत्ता लागला). समोरच्या सीटवर दोन पोरं, गळ्यात आयडी कार्डं, एकमेकांना बायनरी सर्च (क्रमवार यादीत शोधायची पद्धत, इंटरव्ह्यूतला नेहमीचा प्रश्न) विचारत होती. आणि मला विजयनगरचं आमचं ते ऑफिस आठवलं.

तेव्हा माणसं इतक्या वेगानं भरत होते की मीटिंग रूममध्ये नव्या खुर्च्यांचे खोके. माझा इंटरव्ह्यू पॅन्ट्रीत झाला, दर पाच मिनिटांनी कोणीतरी चहाला यायचं. घेणारा स्वतःच मागच्या सोमवारी जॉइन झालेला! त्यानं विचारलं, "नेट गेलं, ॲपनं पेमेंटची रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा कापू नयेत म्हणून काय करशील?" मी म्हटलं, प्रत्येक पेमेंटला एक वेगळी 'की' (ओळखीचा कोड) द्यायची, सर्व्हरनं ती जपून ठेवायची, तीच पुन्हा आली तर नवीन व्यवहार न करता जुनंच उत्तर परत पाठवायचं. तो भराभर लिहून घेत होता. वाटलं, काय सुरेख चाललाय इंटरव्ह्यू.

जॉइन झाले आणि पहिलं तिकीट, म्हणजे तक्रारीचं काम, हातात पडलं: 'ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात आहेत. अर्जंट.'

तुमचेही लिहा.

बिग_ओ_भिया:
😂😂 ताई, तो इंटरव्ह्यू नव्हता, फुकटची कन्सल्टिंग होती. चहा तरी पाजला का?

रामबागवाली:
स्वतःच करून घ्यायचा होता.

सुदामानगर_४५२:
ईसॉपबद्दल (नोकरीसोबत मिळणारा कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्क) कोणीतरी लिहा हो. मीच लिहितो. ऑफरमध्ये पगार कमी, पण शेअर्सचा आकडा असा की बाबांनी चष्मा पुसून परत वाचला. नियम असा की पहिलं वर्ष काहीच आपलं नाही, मग चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं. त्याआधी सोडलं तर उरलेलं गेलं. घ्यायचे म्हटलं तर आधी आपणच पैसे भरायचे, वर त्या दिवसाची किंमत आणि आपण भरलेली यांच्या फरकावर पगारासारखा टॅक्स. आणि कंपनी बाजारात लिस्टेडच नाही, विकणार कुणाला? बाबा अजून विचारतात, "ते कागद कुठे ठेवलेस?" कागद नाहीतच, एक पोर्टल आहे, त्याचा पासवर्ड विसरलोय.

आजी_ऑनलाइन:
मला यातलं काही कळत नाही पण नात ऑन-कॉल असते म्हणे. रात्री अडीचला फोन किंचाळतो, अख्खं घर जागं. ती लॅपटॉप घेऊन जिन्यात बसते. परवा विचारलं काय झालं होतं, तर म्हणे "डिस्क भरली होती, जुने लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, काढून टाकले." मी म्हटलं मग दिवसाच काढत जा ना!

बिग_ओ_भिया:
आजी, तुम्हाला आमची इंजिनिअरिंग मॅनेजर करा. 🙏

टेबलापलीकडचा:
घाईत लिहितोय, कुकर लावलाय. मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांपैकी. उमेदवार हो म्हणतो, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, तेवढ्यात तीच ऑफर दाखवून दुसरीकडून जास्तीची मिळवतो, आणि जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. राग येत नाही, नोटीस एवढी लांब ठेवल्यावर दुसरं काय होणार? पण आम्ही त्याच्या भरवशावर रिलीजची तारीख कळवलेली असते. बाकी लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी) उलटी करता आली म्हणून माणूस कामाचा, हे मला आजवर पटलेलं नाही. मी माझ्याच कोडमधला एक बग देतो आणि शेजारी बसतो. जो आधी लॉग उघडतो तो घ्यायचा. शिट्ट्या झाल्या, पळतो.

पोहे_जास्त_सेव:
विषय सोडून: सुपर कॉरिडॉरवर सकाळी सातच्या आधी पोहे कुठे मिळतील? नवीन शिफ्ट आहे.

सुदामानगर_४५२:
घरून खाऊन निघा. राजवाड्याकडून येणार असाल तर वाटेत चिक्कार आहेत.

मावशी_राजेंद्रनगर:
टेबलापलीकडचे, तुमच्याकडे फ्रंटएंडला जागा आहे का? भाची एसजीएसआयटीएस कॉलेजची, यंदाच पास झाली. मराठी अगदी छान बोलते.

टेबलापलीकडचा:
मावशी, मराठीची अट नाही 😀 रेझ्युमे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि तिला सांगा, इंटरव्ह्यू पॅन्ट्रीत असेल.