पॅरिसपलीकडचा फ्रान्स: नऊ रात्रींत काय विकावे आणि काय वगळावे?

प्रश्न: आखणीकार

नमस्कार. गेली सहा वर्षे मी युरोपच्या सहलींची आखणी आणि विक्री करतो. आमच्याकडचा फ्रान्स आजवर पॅरिसमधील दोन-तीन रात्री, आयफेल मनोरा, सेन नदीतील नौकाफेरी आणि लूव्र संग्रहालय एवढ्यावर आटपत असे. चौथ्या दिवशी गाडी स्वित्झर्लंडच्या दिशेने निघालेली असे. अलीकडे मात्र पॅरिस एकदा पाहून आलेली मंडळी पुन्हा येतात आणि "या वेळी फक्त फ्रान्स दाखवा, पण पॅरिस नको" असे स्पष्ट सांगतात. त्यांच्यासाठी मी नऊ रात्रींचा एक कच्चा आराखडा केला आहे. त्यात लवार खोऱ्यातील गढ्या आणि राजवाडे पाहण्यासाठी तीन रात्री, जर्मनीच्या सीमेवरील आल्सासमध्ये तीन आणि दक्षिणेच्या प्रोव्हान्समध्ये तीन रात्री आहेत. कागदावर तो देखणा दिसतो, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते.

धास्तीला कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका दांपत्याला प्रोव्हान्समधील आव्हीन्योंला पाठवले होते. त्यांचे हॉटेल तटबंदीच्या आत होते, पण वेगवान गाडीचे स्थानक गावाबाहेर आहे आणि तेथून मुख्य स्थानकापर्यंत जोडगाडी धावते, हे मी दिलेल्या कागदांत कोठेच नव्हते. दोघे सामानासह पावसात टॅक्सीसाठी ताटकळत राहिले. परत आल्यावर त्यांनी भांडण केले नाही, "नकाशा तर आम्हालाही वाचता येतो, मग तुम्हाला पैसे कशाचे दिले?" एवढेच विचारले. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हा जाणकारांना विचारतो: हा आराखडा नऊ रात्रींत बसेल का? पॅरिस पूर्णपणे वगळणे व्यवहार्य आहे का? आणि "आल्सासमध्ये पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे ग्राहकाने विचारल्यास त्याच्यापुढे स्थळांची यादी न वाचता काय सांगावे?

उत्तर १: तिकीटघर

आपला आराखडा बसणार नाही, आणि त्याचे कारण फ्रान्सच्या रेल्वेच्या जन्मातच आहे. १८४२च्या कायद्याने तेथील मुख्य लोहमार्गांची जी रचना ठरली, ती पॅरिस मध्यभागी ठेवून चहूबाजूंना किरण फेकणाऱ्या ताऱ्यासारखी होती, आणि वेगवान मार्ग आल्यानंतरही तो सांगाडा बराचसा तसाच राहिला. त्यामुळे लवारहून आल्सासला जायचे म्हटले की प्रवासी पॅरिसमध्ये किंवा पॅरिसच्या उंबऱ्याशी येऊनच पोहोचतो. पश्चिमेकडच्या वेगवान गाड्या मोंपार्नास स्थानकावर येतात आणि आल्सासमधील स्ट्रासबूरच्या गाड्या गार द लेस्त स्थानकावरून सुटतात. या दोहोंच्या मध्ये ट्रॉलीबॅगा ओढत भुयारी रेल्वेने जाणाऱ्या साठीच्या गृहस्थांना आपण "पॅरिस नको" या शब्दाची किंमत विचारून पाहावी. (जाता जाता आणखी एक सांगतो. गार द लियों हे स्थानक पॅरिसमध्येच आहे, लियोंमध्ये नाही. तिकिटावर ते नाव वाचून आपण आधीच लियोंला पोहोचलो असे समजणारे प्रवासी मी पाहिले आहेत.)

याच जाळ्यात एक सोयीची फटही आहे. २०११च्या डिसेंबरात ऱ्हाइन-ऱ्होन वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून स्ट्रासबूरहून लियोंमार्गे थेट दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात आणि त्या पॅरिसला शिवतही नाहीत. आव्हीन्योंपर्यंत पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे आपल्या तीन प्रदेशांपैकी आल्सास आणि प्रोव्हान्स यांची जोडी नैसर्गिक आहे आणि लवारच आगंतुक आहे. लवार तर पॅरिसपासून रेल्वेने जेमतेम तासाभरावर आहे. जे प्रथमच पॅरिसला जाणार आहेत, त्यांच्या सहलीला तो जोडावा. शांबोर राजवाड्याचा दुहेरी गोल जिना आणि आंबुआझमधील लिओनार्दो दा व्हिंचीच्या अखेरच्या दिवसांचे घर ही त्या ग्राहकाला हवीहवीशी वाटणारी पुरवणी आहे.

येताना विमान शार्ल द गोल विमानतळावर उतरवले, तरी पॅरिस शहरात शिरण्याची गरज नाही. १९९४पासून त्या विमानतळाच्या टर्मिनल दोनमध्येच वेगवान गाड्यांचे स्थानक आहे आणि तेथून स्ट्रासबूरला थेट गाडीने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते. मात्र विमान उतरणे आणि गाडी सुटणे यांत किमान तीन तास ठेवावेत, कारण पासपोर्ट तपासणीच्या रांगेचा भरवसा देता येत नाही आणि स्वस्त तिकिटाची गाडी चुकली की पैसे बुडतात. परतीचे तिकीट मार्सेयहून किंवा नीसहून काढावे. एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून परतण्याचे तिकीट थोडे महाग पडले, तरी वाचलेला दिवस ग्राहकाच्या पदरात पडतो.

आता आपला तिसरा प्रश्न. आल्सासमध्ये काय आहे, याचे उत्तर मी लाकडी चौकटींची घरे आणि खिडक्यांतील फुले यांपासून कधीच सुरू करत नाही, कारण ती छायाचित्रे ग्राहकाने माझ्याकडे येण्याआधीच पाहिलेली असतात. मी त्याला सांगतो की १८७१ ते १९४५ या काळात या भूमीवरील सत्ता फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा बदलली. तेथे असा मनुष्य सहज सापडला असता, ज्याने उभे आयुष्य एकाच घरात काढले आणि तरी नागरिकत्व अनेकदा बदलले. त्यानंतर सांगतो की स्ट्रासबूरच्या कॅथीड्रलचा मनोरा १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ ते १८७४ अशी सव्वादोनशे वर्षे ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. एवढे ऐकले की गावांच्या पाट्यांवरील जर्मन वळणाची नावे, ताटातील कोबी आणि जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मसाठी पुन्हा उभारलेला ओ-क्योनिग्सबूरचा किल्ला, हे सर्व ग्राहकाला एकाच गोष्टीचे तुकडे वाटू लागतात. मुक्काम मात्र एकाच ठिकाणी, शक्यतो कोलमारमध्ये, चार रात्रींचा ठेवावा. स्ट्रासबूर तेथून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि एगिसहाइम, रिकव्हीर, केजरबेर ही गावे जवळपास आहेत. रोज बॅग भरायला लावणारी सहल ग्राहकाला केवळ बॅगेची आठवण देते.

पैशांविषयीही थोडे बोलतो, कारण या धंद्यात ते कुजबुजतच बोलले जाते. राजधानीतील मोठी हॉटेले आपल्याला कमिशन देतात किंवा घाऊक दर देतात. गावाकडील घरगुती निवास बहुधा दोन्ही देत नाहीत. शिवाय 'शांब्र दोत' म्हणजे घरमालकाने न्याहारीसह दिलेल्या खोल्यांना फ्रेंच कायद्याने पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे अशी कमाल मर्यादा घातली आहे. वीस जणांच्या समूहाला असा अनुभव विकण्याचे आश्वासन देऊ नये, कारण तो एका छपराखाली मिळणारच नाही. दोन ते सहा जणांच्या कुटुंबासाठी ते निवास उत्तम ठरतात. तेथे आपण आखणीचे शुल्क वेगळे दाखवून घ्यावे. दरात लपवलेला नफा ग्राहकाला दोन मिनिटांत इंटरनेटवर सापडतो.

उत्तर २: खिडकीची जागा

मी व्यावसायिक नाही, अशा सहलीचा ग्राहक आहे, म्हणून ग्राहकाच्या बाजूने थोडा मतभेद नोंदवतो. वरील सर्व युक्तिवाद बरोबर असला, तरी सहलीत आमचे आई-वडील होते आणि फ्रान्सला जाऊन मनोरा न पाहता परतण्याची कल्पना त्यांना रुचत नव्हती. आमच्या एजंटाने पॅरिस आरंभी न ठेवता शेवटी ठेवले, फक्त दोन रात्री. आव्हीन्योंहून पॅरिस वेगवान गाडीने पावणेतीन तासांच्या आतच येते. आधीचे सात दिवस संथ गेले असल्याने त्या गर्दीचा त्रास झाला नाही, उलट थोडी मौजच वाटली. पॅरिस पहिले ठेवले असते, तर पुढची गावे आम्हाला कदाचित फिकी वाटली असती.

शाकाहारींसाठी एक सूचना. आल्सासमधील प्रसिद्ध पातळ खारी पोळी, तार्त फ्लांबे, सहसा डुकराच्या मांसाचे तुकडे घालूनच येते. तुकडे वगळून चीज घालून मागितल्यास बहुतेक ठिकाणी मिळते, पण ते आधीच सांगावे लागते. नीसमध्ये 'सोक्का' नावाचा हरभऱ्याच्या पिठाचा पदार्थ मिळाला, तेव्हा आईने "हे तर आपले धिरडे" असे म्हणून दोनदा मागवला. गावाकडील उपाहारगृहे दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद करतात, ही गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि ती आम्ही उपाशीपोटी शिकलो.

उत्तर ३: कागदपत्रे

आखणीच्या आधी व्हिसाचा विचार करावा, असे मी सुचवीन. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील अनेक देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री आहेत त्या देशाकडे करायचा असतो आणि रात्री समसमान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. आल्सास अगदी सीमेवर असल्याने स्वस्त खोलीच्या मोहाने स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये किंवा जर्मनीच्या काळ्या अरण्यात मुक्काम ठेवण्याचा मोह होतो. असे मुक्काम वाढत जाऊन दुसऱ्या देशातील रात्री फ्रान्समधील रात्रींहून अधिक झाल्या की अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे गणितच बदलते आणि मग फ्रान्सच्या व्हिसा अर्ज केंद्रात घेतलेली वेळ वाया जाते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

दुसरी बाब स्थानिक भागीदाराची. फ्रान्समध्ये सहली विकणाऱ्या संस्थेला 'आतू फ्रांस' या राष्ट्रीय पर्यटन विकास संस्थेने ठेवलेल्या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी आर्थिक हमी व व्यावसायिक दायित्वाचा विमा दाखवावा लागतो. नोंदणी क्रमांक 'आयएम' या अक्षरांनी सुरू होतो. आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी तो क्रमांक मागावा आणि नोंदवहीत पडताळून पाहावा. राजधानीत एक भागीदार बुडाला तर दुसरा संध्याकाळपर्यंत मिळतो. प्रोव्हान्समधील व्हालांसोलच्या पठारावर बस आली नाही, तर तेथे फोन करायला दुसरे कोणी नसते.

पुन्हा आखणीकार

सर्वांचे मनापासून आभार. लवार वगळला. आता आल्सासमध्ये चार रात्री, प्रोव्हान्समध्ये चार रात्री आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी शेवटची एक रात्र पॅरिस किंवा नीस, असा पर्याय ठेवत आहे; पॅरिस निवडणाऱ्यांचे परतीचे तिकीट अर्थात तेथूनच काढीन. दोन शंका उरल्या आहेत. ग्राहकांना लॅव्हेंडर फुललेला हवा आहे, तर जुलैचा मध्य योग्य ठरेल का? आणि प्रोव्हान्समध्ये त्यांना स्वतः गाडी चालवू द्यावी का?

उत्तर ४: तिकीटघर

जुलैच्या मध्याची हमी देऊ नका. व्हालांसोलच्या पठारावर फुलोरा साधारण जूनच्या मध्यापासून असतो आणि जुलैच्या मध्यास कापणी सुरू होते. उन्हाळा लवकर तापला तर त्याहीआधी. उंचावरील सो गावाच्या परिसरात तो थोडा उशिरा येतो आणि काही वर्षी महिन्याच्या अखेरीसही सापडतो. शिवाय आव्हीन्योंचा नाट्यमहोत्सव, जो १९४७पासून चालत आला आहे, जुलैतच असतो आणि त्या काळात तटबंदीच्या आतील खोल्यांचे भाव ऐकून ग्राहक फोन ठेवून देतात. म्हणून जूनचा शेवटचा आठवडा निवडा, मुक्काम आव्हीन्योंऐवजी एखाद्या लहान गावात ठेवा आणि पत्रकात 'फुलोरा हवामानावर अवलंबून' हे वाक्य बारीक अक्षरांत न छापता किमतीच्या शेजारी छापा.

गाडी चालवायला हरकत नाही, पण आंतरराष्ट्रीय परवाना, गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड आणि स्वयंचलित गिअरची गाडी या तीन गोष्टी आरक्षणाच्या वेळीच निश्चित करून घ्या, कारण तेथे हाती गिअरच्या गाड्या अजून बऱ्याच आहेत आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकताना डाव्या बाजूने चालवण्याची सवय असलेला माणूस पहिल्याच चौकात गोंधळतो. खुणेची पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, हेही कागदावर लिहून द्या. आणि त्याच कागदावर, या वेळी सर्वांत वर, आव्हीन्योंच्या जोडगाडीची वेळ लिहा.