मदत हवी आहे: 'प्रिमा'साठी इटली-ट्युनिशिया-इजिप्त गट जमवायचाय, पैशाचं गणित कळत नाहीये

कोरडवाहू

नमस्कार मंडळी,

मी इटलीच्या दक्षिणेला, पुलियात, एका विद्यापीठात पोस्टडॉक करतोय. विषय सिंचनाचा. शहराचं सांडपाणी शुद्ध करून ऑलिव्हच्या बागांना ठिबकने द्यायचं आणि त्याने माती किती खारावते, झाडात काय उतरतं ते वर्षानुवर्षं मोजत बसायचं. मूळचा लातूरकडचा आहे, त्यामुळे पाण्याच्या नादी का लागलो हे वेगळं सांगायला नको.

आमच्या प्रोफेसरबाईंनी प्रिमाच्या पुढच्या कॉलचं (संशोधनासाठी अर्ज मागवतात त्याचं) घोंगडं माझ्या गळ्यात टाकलंय. शास्त्राचा भाग त्या लिहिणार, गट जमवायचा आणि बजेट बसवायचं मी. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रिमा म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांची संशोधन भागीदारी. युरोपियन संसद आणि परिषदेने २०१७ साली निर्णय करून ती उभी केली, कार्यालय बार्सिलोनात. सुरुवातीला १९ देश होते. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस इकडचे; मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, इस्रायल, तुर्कस्तान तिकडचे. मुख्य विषय तीन: पाणी, शेती आणि अन्नाची साखळी.

आमच्याकडे सध्या आम्ही, ट्युनिशियातल्या स्फॅक्सची एक सरकारी प्रयोगशाळा आणि कैरोचं एक विद्यापीठ एवढे तयार आहेत. स्फॅक्सचे लोक हवेतच. तिथे ऑलिव्हची झाडं २४ मीटर अंतरावर लावतात, हेक्टरी जेमतेम १७ झाडं, आणि बहुतेक बागा निव्वळ पावसावर. आमच्याकडच्या दाट बागांशी तुलना करायला याहून चांगली जागा नाही. शिवाय स्फॅक्समध्येच मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर बनवणारी एक छोटी खासगी कंपनी आहे, तीही उत्सुक आहे.

आता अडलंय ते असं. कॉलच्या कागदात 'सेक्शन १' आणि 'सेक्शन २' असे दोन दरवाजे आहेत. दोन्हीकडे विषय साधारण सारखेच वाटतात, मग निवडायचं कशावरून? पैसा सगळा आमच्या विद्यापीठाकडे येतो आणि आम्ही तो ट्युनिस-कैरोला वळता करायचा, असं आहे का? तसं असेल तर आमचं अकाउंट्स खातं मला उभं करणार नाही. त्या खासगी कंपनीला घेता येईल का? आणि शेवटचं, थोडं स्वार्थी: महाराष्ट्रात कृषी विद्यापीठात माझे एम.टेक.चे मार्गदर्शक आहेत, सांडपाण्यावरच्या सिंचनात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांना या गटात जागा आहे का?

कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा. कॉलचे कागद वाचलेत, 'वेबसाईट बघा' म्हणू नका.

---

कागदपत्रे

जर्मनीत एका संशोधन संस्थेच्या ग्रँट ऑफिसात आहे, हेच दळण रोज दळते. क्रमाने सांगत नाही, महत्त्वाचं आधी.

सेक्शन २ मध्ये पैसा समुद्र ओलांडत नाही. प्रत्येक देश आपापल्या पार्टनरला आपल्या तिजोरीतून देतो. तुम्हाला इटलीचं विद्यापीठ-संशोधन मंत्रालय देणार, स्फॅक्सच्या प्रयोगशाळेला ट्युनिशियाचं उच्चशिक्षण मंत्रालय, कैरोला इजिप्तची संस्था. मूल्यमापन मात्र सगळ्यांचं एकत्र, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ करतात. म्हणजे प्रपोजल एक, वह्या तीन. सेक्शन १ मध्ये युरोपियन युनियनचा पैसा असतो, करार बार्सिलोनाच्या प्रिमा फाउंडेशनशी होतो आणि तिथे तुम्ही म्हणता तसं समन्वयकाकडून बाकीच्यांना वाटप होतं. तुमचं अकाउंट्स खातं कुरकुरणार असेल तर सेक्शन २ सोयीचा. तुमची कल्पना मोठी, प्रात्यक्षिकं पाच-सहा ठिकाणी आणि पार्टनर दहा-बारा, असं असेल तर सेक्शन १. तीन-चार प्रयोगशाळांनी मिळून तीन वर्षं मोजमापं घ्यायची तर माझ्या मते सेक्शन २ च.

पण सेक्शन २ ची गोम ऐका. प्रत्येक देशाचे नियम वेगळे: एका पार्टनरला जास्तीत जास्त किती, पगार चालतात का, यंत्रं चालतात का, खासगी कंपनी चालते का. आणि एखादा पार्टनर त्याच्या देशाच्या नियमात अपात्र ठरला तर अख्खं प्रपोजल बाद होऊ शकतं. मूल्यमापनापर्यंत पोचतच नाही. शास्त्र कितीही चांगलं असो. म्हणून त्या सेन्सरवाल्या कंपनीला गटात घालण्याआधी ट्युनिशियाच्या राष्ट्रीय संपर्क व्यक्तीला लेखी विचारा. दक्षिणेकडच्या कित्येक मंत्रालयांचा पैसा सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरताच असतो. उत्तर नकारार्थी आलं तर कंपनीला पार्टनर न करता प्रयोगशाळेने तिच्याकडून सेन्सर विकत घ्यावेत. वाद मिटला.

इटलीच्या बाजूलाही एक काम आहे जे लोक विसरतात. तुमचं मंत्रालय मुख्य प्रपोजलशिवाय वेगळा राष्ट्रीय अर्ज मागतं, त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर. मुदत चुकली की संपलं.

किमान गट तीन देशांतल्या तीन संस्थांचा लागतो, त्यात एक तरी युरोपच्या बाजूची आणि एक तरी दक्षिण-पूर्व किनाऱ्याची. तो तुमचा बसतोय.

---

मुळामुठा

मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं मी सांगतो. भारत प्रिमात नाही, त्यामुळे तिथून त्यांना पैसा मिळणं विसरा. स्वखर्चाने सहभागी होता येतं, पण आपल्याकडच्या कृषी विद्यापीठाला 'स्वखर्चाने' हे पत्र मिळवायला किती सह्या लागतात ते तुम्हाला मी काय सांगू! त्यापेक्षा सल्लागार मंडळात घ्या. प्रवासखर्च कोणाच्या तरी बजेटमध्ये बसतो, अनुभव वापरता येतो आणि पात्रतेचा घोळ होत नाही.

भारतासाठी खरा दरवाजा वेगळा आहे. युरोपियन युनियन आणि भारताचा विज्ञान-तंत्रज्ञान करार २००१ चा. त्यातून पाण्यावर संयुक्त कॉल निघालेत, ज्यात युरोपचा पैसा युरोपच्या पार्टनरला आणि आपल्या विज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा आपल्याला. 'नवाटेक' नावाचा प्रकल्प असाच, पुण्यात आणि नागपुरात नैसर्गिक पद्धतीने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग झाले. तसा कॉल पुन्हा आला की मार्गदर्शकांना घेऊन स्वतंत्र प्रपोजल टाका. दोन बोटींवर पाय नको.

---

संत्रीमोसंबी

व्हॅलेन्सियाहून. अशाच एका गटात होते, फक्त पीक लिंबूवर्गीय. कागदपत्रे यांनी सांगितलेलं सोळा आणे खरं, मी प्रत्यक्षातल्या चार गोष्टी सांगते ज्या कॉलमध्ये लिहिलेल्या नसतात.

माती पोस्टाने मागवू नका! युरोपियन युनियनबाहेरच्या बहुतेक देशांतून माती आणायला बंदी आहे, रोपांच्या आरोग्याच्या नियमांखाली. संशोधनासाठी खास परवानगीपत्र मिळतं, पण त्यात विलगीकरणाची अट, बंदिस्त प्रयोगशाळेची अट, सगळं आलं. आणि तुम्ही तर पुलियात. २०१३ मध्ये गल्लिपोलीजवळ झायलेला हा ऑलिव्हची झाडं वाळवणारा जीवाणू सापडल्यापासून तुमच्याकडे ऑलिव्हची एक काडी इकडची तिकडे करायची म्हटलं तरी लोक संशयाने बघतात, बरोबरच आहे म्हणा. म्हणून मातीचं आणि पानांचं विश्लेषण स्फॅक्समध्येच होईल असं प्रपोजलमध्ये लिहा. पद्धत एकच ठरवा, प्रमाणित नमुना दोन्ही प्रयोगशाळांत तपासून आकडे जुळतात ते आधी बघा. परीक्षकांनाही हे आवडतं, कारण नाहीतर 'दक्षिणेने नमुने गोळा करायचे, उत्तरेने पेपर लिहायचा' असा जुना प्रकार दिसतो. तो प्रकार मी जवळून पाहिलाय, चीड येते.

बैठका: इजिप्तचा आठवडी बंद शुक्र-शनि, ट्युनिशियाचा शनि-रवि आपल्यासारखाच, पण शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ. मंगळवार-बुधवार धरा. रमजानचे दिवस सोडा. ऑगस्टमध्ये इटलीत कोणी फोन उचलत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिली प्रत्यक्ष बैठक ट्युनिसला घ्या. तुमच्याकडे बोलावलंत तर त्यांचे शेंगेन व्हिसा येईपर्यंत प्रकल्पाचा पहिला अहवाल द्यायची वेळ येईल.

---

पाटकरी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धागा आवडीने वाचतोय. प्रिमा वगैरे मला कळत नाही, पण एक विचारतो. शुद्ध केलेलं म्हणजे किती शुद्ध? ऑलिव्हचं तेल निघणार ते खाण्यातच जाणार ना? तिकडे याला काही माप आहे का?

आणि संत्रीमोसंबी, तुमच्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाण्याची पंचायत बसते म्हणतात, शेतकरीच न्यायाधीश आणि निवाडा तोंडी. आमच्या पांझरेवरच्या फड पद्धतीत असेच गावकरी पाळ्या ठरवत. कधी गेलात तर लिहा.

---

कोरडवाहू

पाटकरीकाका, माप आहे. युरोपियन युनियनचा २०२० चा ७४१ क्रमांकाचा नियम, जून २०२३ पासून लागू. पाण्याचे अ ते ड असे चार वर्ग आहेत. कच्ची खायची भाजी, जिच्या खाण्याच्या भागाला पाणी लागतं, तिला 'अ' वर्ग: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जास्तीत जास्त १०. तेलाचं ऑलिव्ह हे प्रक्रिया करून खायचं पीक, शिवाय ठिबकने पाणी फळाला लागतच नाही, त्यामुळे 'क' वर्ग चालतो, तिथे मर्यादा १००० पर्यंत. ट्युनिशियात तर हे फार आधीपासून चालू आहे. ट्युनिसजवळ ला सोकराला १९६० च्या दशकापासून मोसंबी-संत्र्याच्या बागांना असं पाणी देतात, आणि कच्च्या खायच्या भाज्यांना ते द्यायला कायद्याने बंदी आहे.

जंतूंपेक्षा मला भीती मिठाची वाटते. किनाऱ्यावरच्या शहरांचं सांडपाणी मुळातच खारट. ठिबकच्या तोटीखाली ओला गोळा तयार होतो, त्याच्या कडेला मीठ साचतं. पाऊस बरा झाला तर ते धुऊन खाली जातं, नाहीतर तिथेच पांढरी कड दिसायला लागते. उसाच्या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला ती कड ओळखायला मीटर लागत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. सेक्शन २ पक्का. एक उपप्रश्न: या सांडपाण्यातून जस्त-तांबं मातीत येतं, ते कुठल्या रूपात बसतं हे बघायला आमच्याकडे साधन नाही. नुसतं 'किती' कळतं.

---

क्षकिरण

मग जॉर्डनला जा. सेसमी नाव ऐकलं असेल. अम्मानच्या वायव्येला अल्लान गावात सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारं यंत्र, २०१७ मध्ये सुरू झालं. बर्लिनच्या जुन्या बेसी-१ यंत्राचे भाग जर्मनीने दान केले तिथून गोष्ट सुरू झाली; आता इलेक्ट्रॉनचं कडं नवीन आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं, आणि त्याची चुंबकं जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या मदतीने, युरोपियन युनियनच्या पैशातून झाली. इराण, इस्रायल, पॅलेस्टाईन, पाकिस्तान, तुर्कस्तान, सायप्रस एकाच सदस्य यादीत असलेली दुसरी प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही. विजेचं बिल परवडेना म्हणून युरोपियन युनियनच्या पैशातून सौर प्रकल्प उभारला, २०१९ पासून त्यावर चालतं.

तिथल्या क्ष-किरण शोषणाच्या बीमलाइनवर (किरण जिथे नमुन्यावर सोडतात त्या प्रयोगाच्या जागी) धातू मातीत कुठल्या रूपात आहे ते कळतं, तुम्हाला हवं तेच. बीमटाइमसाठी, म्हणजे यंत्र वापरायच्या वेळेसाठी, वेगळा अर्ज करायचा, गुणवत्तेवर निवड होते. ट्युनिशिया सदस्य नाही, पण इजिप्त आहे! अर्ज कैरोच्या नावाने करा. कैरोवाल्यांना गटात नुसतं नावापुरतं ठेवण्यापेक्षा हे बरं काम आहे.

---

कागदपत्रे

क्षकिरण यांची सूचना उत्तम. फक्त एक: बीमटाइम मिळेलच असं गृहीत धरून प्रपोजल बांधू नका, 'मिळालं तर' असं लिहा आणि पर्यायी पद्धत द्या.

इस्रायलला चौथा पार्टनर करायचा मोह होईल, कारण ते जवळपास ९० टक्के सांडपाणी शेतीला वापरतात. कागदावर एकाच गटात बसता येतं. प्रत्यक्षात आधी ट्युनिशियाच्या लोकांशी बोला, मगच कोणाला मेल टाका. त्यांना नंतर कळलं तर त्यांची त्यांच्या देशात पंचाईत होते आणि तुमचा गट मोडतो.

आणि हे नाहीच जमलं तर ट्युनिशिया होरायझन युरोपशी, म्हणजे युरोपियन युनियनच्या मुख्य संशोधन-निधी कार्यक्रमाशी, संलग्न आहे हे लक्षात ठेवा. तिथल्या नेहमीच्या कॉलमध्ये स्फॅक्सला इटलीइतकीच जागा आहे.

---

कोरडवाहू

मोह झाला होता खरा, नाव यादीत घातलं नव्हतं. आधी स्फॅक्सला विचारतो.

कैरोला बीमटाइमबद्दल आजच लिहिलं. ट्युनिशियाच्या संपर्क व्यक्तीला कंपनीच्या पात्रतेबद्दल पत्र लिहायचंय. इंग्रजीत दिलं तरी चालेल म्हणतात, पण स्फॅक्सच्या बाई म्हणाल्या की फ्रेंचमध्ये दिलंत तर उत्तर लवकर येईल. माझं फ्रेंच बाजारहाटापुरतं. एक पानाचं पत्र आहे, कोणी नजर टाकेल का?

---

संत्रीमोसंबी

टाका व्यनि (व्यक्तिगत निरोप). मॉन्पेलिएला दोन वर्षं होते, सरकारी फ्रेंच येतं. आणि काका, गुरुवारी गेले की लिहिते.