सिग्नलवर नाणं दिलं नाही की जबाबदारी संपली?

घाटकोपरकर:
‘सिग्नलवर पैसे देऊ नका, सगळी टोळ्यांची पोरं, कमाई थांबली की आपोआप गायब होतील’ ही पोस्ट सगळीकडे फिरतेय, म्हणून लिहितोय. मुंबईत उड्डाणपुलाखालची बरीचशी मुलं आईबापांसोबतच राहतात. पैसे थांबले तर ती उपाशी झोपतात, नाहीतर पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर ओतून हुंगतात, कारण त्याने भूक मरते. टोळीचा संशय असेल तर तक्रार करा. भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख दंड आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, ती फिरवायला कुणाची बोटं झिजत नाहीत.

मीनल_ठाणे:
फोन करून होतं काय? पथक येईतो मुलं पुढच्या सिग्नलला. सापडलंच तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे, तिथे आईबाप रेशनकार्ड घेऊन हजर, हमीपत्र लिहून दिलं की मूल पुन्हा त्याच पुलाखाली. आणि नाणी पडतात म्हणूनच तान्ही बाळं उन्हात आणली जातात, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

घाटकोपरकर:
बाळाचं मान्य, तिथे नाणं नकोच. पण ‘पुलाखाली मुलं आहेत’ एवढं सांगून फोन ठेवला तर पथक शोधणार कुठे? कोणता पूल, कोणती बाजू, किती ते किती वाजेपर्यंत, अंदाजे वय, कपडे, सोबत मोठं माणूस आहे का, हे सांगा. जमलं तर तिथेच थांबा.

फळा_खडू:
समितीत नेऊन आणल्याने काही हलत नाही. मूल शाळेत हवं, आणि तिथे जन्मदाखल्यावर अडतं.

वकील_सोलापूर:
साफ चूक. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारताच येत नाही. अंगणवाडीची नोंद नाहीतर पालकांचं घोषणापत्र पुरतं.

फळा_खडू:
कलमं आम्हालाही पाठ आहेत! मुख्याध्यापक आधार मागतात, कारण शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, हे आधार जुळलेल्या पटावर ठरतं. बिनआधार मुलासाठी कोण झटणार?

वॉर्डातला:
भांडण्याआधी दाखला शोधा, बऱ्याचदा तो असतो. बाळंतपण पालिकेच्या रुग्णालयात झालं असेल तर जन्माची नोंद रुग्णालयच कळवतं, फक्त बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. ते १५ वर्षांपर्यंत भरता येतं. डिस्चार्ज कार्ड पावसात किंवा पदपथ रिकामा करणाऱ्या गाडीत गेलेलं असतं, म्हणून आईला रुग्णालय, वर्ष आणि सण विचारा, गणपतीच्या आधी की नंतर. नाव माहेरच्या आडनावानेही शोधा. जन्म पदपथावरच झाला आणि वर्ष उलटलं, तर अनुपलब्धतेचा दाखला (जन्माची नोंद सापडत नसल्याचा), प्रतिज्ञापत्र आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश. खरी दमछाक तिथे.

मीनल_ठाणे:
आणि ती बाई रोजी बुडवून हेलपाटे घालणार?

वॉर्डातला:
एकटीने नाहीच. लिहिता-वाचता येणारं कुणीतरी खिडकीपर्यंत सोबत हवं. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनी हे करावं.

मीनल_ठाणे:
बरं, दाखल्याचं पटलं. पण शाळेत रोज पोचवणार कोण? सकाळी आई फुलं आणायला दादरला गेलेली असते.

फळा_खडू:
दुपारच्या सत्रात नाव घाला. आणि त्याआधी धाकट्याला अंगणवाडीत बसवा, नाहीतर त्याला सांभाळायला थोरली मागे राहते आणि पटावर नाव असून गैरहजर लागते.