वेष्टणं, करवंट्या, छत्र्या आणि जुन्या साड्या: गोव्याच्या दमट हवेत काय टिकतं?

चवथ, दिवाळी, नाताळ. या तीन सणांत घरात रंगीत कागद, रिबिनी, खोकी आणि डबे यांचा डोंगर होतो. तो 'पुढं उपयोगी पडेल' म्हणून माळ्यावर जातो, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याला बुरशी येते. या धाग्यात नावाऐवजी आपल्या गावाचं नाव टाकून, करून पाहिलेल्या गोष्टीच लिहा. मापं द्या, काय बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा. 'खूप सुंदर दिसतं' एवढ्यावर कुणाचं काम होत नाही. घाटावर चालणारी युक्ती इथं चालेलच असं नाही, तेव्हा पावसाळ्याचा हिशोब हवाच.

म्हापसा

सुरुवात कागद सोडवण्यापासून. चिकटपट्टी ओढायची नाही, ओढली की कागदाचा वरचा रंगीत पापुद्रा निघून येतो. ब्लेडने पट्टीच्या कडेला चिरून कागद उघडायचा आणि पट्टी लागलेली कड सरळ कापून टाकायची. दोन-तीन सेंमी कागद जातो, पण उरलेला नव्यासारखा राहतो.

मग मुठीत चुरगळून बघा. चुरगळलेला राहिला तर कागद. मूठ सोडताच फुलून वर आला तर ती प्लास्टिकची चकचकीत फिल्म आहे. ती इस्त्रीखाली वितळते, रद्दीतही चालत नाही. कागद असेल तर उलट्या बाजूने, वर सुती फडकं टाकून, वाफ बंद ठेवून, सर्वात कमी तापाची इस्त्री. चमकी लावलेल्या कागदाला इस्त्री नकोच.

घडी घालून ठेवू नका. घडीवर रंग उडतो आणि तिथंच कसर शिरते. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा आणि जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर कागदातला ओलावा आतच राहतो आणि ऑगस्टमध्ये काळे ठिपके दिसतात. पिशवीच वापरायची असेल तर मे महिन्याच्या उन्हात तास-दोन तास कागद तापवून, निवल्यावर मगच बांधा.

फोंडा

जुना कागद नेहमी थोडा कमी पडतो, म्हणून माप आधी घ्यायचं. सरळ गुंडाळायला कागदाची रुंदी म्हणजे खोक्याच्या रुंदी-उंचीच्या बेरजेची दुप्पट, अधिक ३ सेंमी. कागदाची लांबी म्हणजे खोक्याची लांबी अधिक उंचीची दीडपट, म्हणजे दोन्ही टोकांना उंचीचा पाऊण भाग. टोकांना याहून जास्त कागद ठेवला तर घड्या जाड होतात आणि कोपरा फुगतो. बहुतेकांचं बांधणं ओबडधोबड दिसतं त्याचं कारण हेच, हात वाईट नसतो, कागद जास्त असतो.

खोक्याचा तळ चौरस असेल तर तिरकं बांधा. खोकं चौरस कागदावर मधोमध पण ४५ अंशांत फिरवून ठेवायचं आणि कागदाचे चारही कोपरे वर आणून मध्यावर मिळवायचे. कागदाची बाजू = तळाचा कर्ण + उंचीची दीडपट. मिठाईचं २० × २० × ६ सेंमीचं खोकं घ्या. कर्ण २८.३, त्यात ९ मिळवले की ३७.३, म्हणजे साडेसदतीस सेंमीचा चौरस पुरतो. सरळ पद्धतीत त्याच खोक्याला ५५ × २९ लागतो. साधारण आठवा हिस्सा कागद वाचतो आणि चिकटवायला एकच जागा उरते. लांबट खोक्याला हे सूत्र लावू नका, टोकं मध्यावर पोचत नाहीत.

डिचोली

फाटका कागद असेल तर पिशवी करा. ४२ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच तुकडा. वरची कड ३ सेंमी आत दुमडा, त्या घडीत अडीच सेंमी रुंद पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, पण फक्त पुढच्या आणि मागच्या भागात. बाजूंना पट्टी गेली तर पिशवी मिटत नाही. मग रुंदीच्या कडा एकमेकींवर २ सेंमी चढवून चिकटवा, ४० सेंमी घेराची नळी होते: १४ पुढं, ६ बाजू, १४ मागं, ६ बाजू. चारही उभ्या घड्या नखाने किंवा चमच्याच्या दांड्याने दाबून पक्क्या करा. खालून साडेचार सेंमीवर आडवी घडी, आधी बाजूचे कान आत, मग पुढचा-मागचा भाग एकमेकांवर. तळाला साडेतेरा बाय साडेपाच सेंमीचा पुठ्ठा टाका. तो ६ चा कापलात तर कोपरे फाडून बाहेर येतो.

दोरीची भोकं पुठ्ठ्याच्या पट्टीतूनच पाडायची. नुसत्या कागदातून पाडली तर नारळ काय, पुस्तकही पेलत नाही.

गोंद पांढराच वापरा, फेव्हिकॉल वगैरे. बोटाने पातळ पसरा.

मडगाव

डिचोलीहून लिहिलेल्या गोंदाबद्दल. पांढरा गोंद वर्तमानपत्रावर जाड लागला की त्यातल्या पाण्याने कागद फुगतो, वाळल्यावर सुरकुत्या राहतात. मोठ्या तुकड्यांना मैद्याची खळ बरी: ५० ग्रॅम मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण ३०० मिली पाणी होईल इतकं गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. कच्ची राहिली तर धरत नाही. अर्धा चमचा तुरटीची पूड घातली की खळ लवकर आंबत नाही. जुने पुस्तकबांधणीवाले मोरचूद घालत, कसरीला तो उत्तम, पण विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या किंवा खाऊच्या पिशव्यांना अजिबात नको.

खळ दुसऱ्या दिवसापर्यंतच. पावसात तर सकाळची संध्याकाळी वास मारते.

साळगाव

खाऊची भेट असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. वर्तमानपत्र बाहेरून चालेल, खाण्याला लागता कामा नये. छपाईची शाई तेलात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न बांधू नका अशी सूचना काढली आहे. नेवऱ्या (करंज्या), दोदोल, बेबिंक हे सगळे तुपा-तेलाचे गोड प्रकार. दोदोलाचं नारळाचं तेल तर दोन तासांत साध्या कागदातून आरपार दिसतं. आत केळीचं पान, विस्तवावर दोन्ही बाजूंनी फिरवून मऊ केलेलं, म्हणजे घडीवर चिरत नाही. पान कोरडं पुसा, नाहीतर नेवरी मऊ पडते. दोन दिवसांहून जास्त ठेवायचं असेल तर पान नको, बटर पेपर घ्या.

आणि मिठाईच्या खोक्यावर, निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची पारदर्शक फिल्म, तसंच सजावटीचं थर्माकोल, या दोन्हींवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. घरात जुनं पडलेलं असेल तर ते पुन्हा भेटीवर चढवून दुसऱ्याच्या कचऱ्यात ढकलू नका.

काणकोण

रिबीन कशाला विकत घ्यायची? माटोळी (गणपतीवरचा फळा-पानांचा मांडव) उतरली, केळीचे खांब निघाले, की त्यांचा सोप, म्हणजे खोडाच्या थरांची साल, काढून घ्या. बाहेरचे दोन थर टाकून आतले घ्या, ते कमी डागाळतात. अर्ध्या-पाऊण सेंमीच्या पट्ट्या उभ्या चिरून सावलीत वाळवा. उन्हात तपकिरी होतात आणि मोडतात. बांधायच्या आधी १० ते १५ मिनिटं पाण्यात भिजवून, फडक्याने टिपून घ्या. ओल्या सोपाची गाठ वाळल्यावर आवळते, म्हणून सुरुवातीला किंचित सैल बांधा. फार आवळलीत तर पुठ्ठ्याचं खोकं कडेला चिमटतं.

पोफळीची विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचा रुंद देठ, हा आमच्याकडचा पुठ्ठाच. गळाल्यावर दोन-तीन दिवसांत कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) उचलायची, नंतर आतल्या बाजूला बुरशी धरते. तासभर पाण्यात बुडवून ब्रशने घासा आणि ओली असतानाच कापा. सुकी कापायला गेलात की रेषेरेषेने उभी चिरते. ३० × २० सेंमीच्या तुकड्याच्या चारी कडा ४ सेंमी वर वळवून कोपरे चिमटीत घ्यायचे, माडाच्या हिराने (झावळीच्या काडीने) टाचायचे, आत वीट ठेवून दोन दिवस सावलीत वाळवायचं. चवथीच्या वज्यातली (लेकीच्या सासरी पाठवायच्या भेटीतली) फळं यात छान बसतात.

साखळी

जुन्या सुती साडीच्या रुमालात भेट बांधणं. साडी ५.५ मीटर, पन्ह्याला साधारण ११० सेंमी. पदराचे ८० सेंमी वेगळे काढा, ते भरजरी असतं, गाठ नीट बसत नाही. उरलेल्यातून ५५ सेंमीचे १६ चौरस निघतात. कडा एकेक सेंमी दुमडून शिवल्या की ५३ चे रुमाल. कर्ण ७५ सेंमी, आणि नियम असा की वस्तूची लांबी कर्णाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे २५ सेंमीपर्यंतचं खोकं यात बसतं. त्याहून मोठं असेल तर गाठीला टोकच उरत नाही.

खोकं मध्ये तिरकं ठेवायचं, जवळचा कोपरा वरून टाकून टोक आत खोचायचं, समोरचा कोपरा त्यावर, आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ. गाठ बांधताना पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून, दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने बांधली तर टोकं आडवी न राहता उभी राहतात आणि गाठोडं उचलताच गाठ सरकते. उभी टोकं दिसली की समजा चुकलं.

कापण्याआधी कापड उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी घडीच्या रेषेवर विरलेली असते, ती रेषा गाठीत येता कामा नये. डांबरगोळ्यांचा वास धुऊन जात नाही, दोन दिवस वाऱ्यावर टांगावं लागतं. जरीची साडी मात्र कृपा करून कापू नका.

कळंगुट

समुद्रकाठच्यांसाठी थोडक्यात. पत्र्याच्या डब्यावर थेट कापड किंवा कागद चिकटवू नका, खारट हवेत महिनाभरात गंजाचे पिवळे डाग वर उमटतात. आधी बारीक पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) एक हात, पूर्ण एक दिवस वाळवून मग सजावट. डब्याची चिरलेली कड आतून पक्कडीने चेपून घ्या.

बाटल्यांवरची लेबलं: अर्धी बादली गरम पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, तासभर. उरलेल्या चिकट थराला खोबरेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात चोळून १५ मिनिटांनी पुसा. सुतळी पेटवून बाटली कापायचे प्रकार सोडा. काच वेडीवाकडी तडकते, तिची कड घरात नीट घासता येत नाही.

पणजी

नाताळचं नक्षत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, मोडक्या छत्रीच्या काड्यांतून. पावसाळा संपता संपता प्रत्येक घरात दोन तरी मेलेल्या छत्र्या असतात. सरळ लांब दांड्याच्या, आठ काड्यांच्या दोन छत्र्या हव्यात. घडीच्या छत्रीच्या काड्या सांध्यांच्या असतात, त्या निरुपयोगी. पक्कडीने आधाराच्या काड्या सोडवा आणि ५५ सेंमीच्या ११ काड्या कापा.

पाच काड्यांची पंचकोनी चांदणी, अशा दोन. प्रत्येक काडीवर टोकापासून २१ सेंमीवर दोन्हीकडून खुणा करा, मधले १३ उरतात. शेजारच्या काड्या बरोबर या खुणांवर छेदल्या पाहिजेत. खूण हुकली की एक टोक लांब, एक आखूड, आणि नक्षत्र लंगडं दिसतं. सगळे छेद तांब्याच्या बारीक तारेने बांधा. दोन्ही चांदण्यांची पाच टोकं एकमेकींना बांधा. अकराव्या काडीचे ११ सेंमीचे पाच तुकडे करून आतल्या पाच छेदांमध्ये उभे अडकवा, मग ते फुगून उभं राहतं.

कागदाचे २१ तुकडे लागतात: पुढं-मागं मिळून दहा त्रिकोण (२१, २१, १३), बाजूंचे दहा (२१, २१, ११) आणि पुढचा एक पंचकोन. प्रत्येकाला दीड सेंमी जादा कड. मागचा पंचकोन उघडाच ठेवा, दिवा तिथून जातो आणि ऊबही बाहेर पडते. भेटीच्या पिशवीतून येणारा पातळ झिरझिरीत कागद इथं सोन्यासारखा. चकचकीत कागदातून उजेड येतच नाही.

सांगाडा धातूचा आहे, म्हणून फक्त ५ वॉटपर्यंतचा एलईडी, प्लास्टिकचा होल्डर, आणि वायरला मध्ये कुठंही उघडा जोड नको. काड्यांची टोकं टोचतात, त्यांवर जुन्या पेनाच्या रिफिलचे एकेक सेंमीचे तुकडे चढवा.

केपे

करवंटीत रोप लावायचं तर तीन डोळ्यांपैकी मऊ असतो त्यातून खिळा आरपार जातो, ड्रिल लागत नाही. ते भोक मोकळं ठेवा, त्यावर खडा नको, काथ्याचा बोळा ठेवा. ज्यांना भोक नाही त्या करवंट्या अंगणात उताण्या पडू देऊ नका. डासांना आठवडा-दहा दिवसांचं साठलेलं पाणी पुरतं.

वास्को

कागदाच्या लगद्याच्या टोपल्यांचं कुणी लिहिलं नाही. जुलैत करता येतील का?

मडगाव

जुलैत नको. किलोभर रद्दी दिवसभर भिजवून वाटायची, पावशेर भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, मेथीने लगदा चिकटही होतो आणि कसरही लांब राहते. मग पालथ्या टोपावर अर्धा सेंमी जाड थापायचं. टोपाला आधी प्लास्टिक किंवा तेलाचा हात, नाहीतर सुटत नाही. हे वाळायला मार्चच्या उन्हात तीन-चार दिवस, पावसात आतून ओलंच राहून काळं पडतं. तोवर रद्दी भिजवू नका, बांधून कोरड्या जागी उंचावर ठेवा. मेथ्याही तेव्हाच आणा.