जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमला लाइव्ह डिस्क जोडली ते बरं केलं का?

निशाचर:
'अननोन प्लेझर्स' २००७ मध्ये दोन डिस्कचा करून परत काढला, पहिलीवर मूळ १० गाणी रीमास्टर करून, म्हणजे आवाज नव्याने घोटून, आणि दुसरीवर १३ जुलै १९७९ चा मँचेस्टरच्या फॅक्टरी क्लबातला अख्खा गिग. माझं मत सरळ आहे, ती दुसरी डिस्क ऐकल्याशिवाय या बँडबद्दल बोलूच नये. आपण त्यांना थंड, उदास, गूढ म्हणत बसतो ना, तर तो थंडपणा बराचसा प्रोड्यूसर मार्टिन हॅनेटचा आहे, पोरांचा नाही! स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रमचा एकेक भाग सुटा वाजवायला लावला, त्यावर डिजिटल डिले (आवाज मागाहून पुन्हा उमटवणारा इफेक्ट) चढवला, गिटार पार मागे ढकलली. बेसवाला पीटर हुक आणि गिटारवाला बर्नार्ड समनर दोघांनाही तो साउंड पटला नव्हता, त्यांनीच कितीदा सांगितलंय. अल्बम आला जूनमध्ये, गिग जुलैत, माणसं तीच आणि कानावर येतो तो भलताच बँड, रागावलेला, घाईत असलेला.

खर्ज:
पटला नव्हता तर नव्हता. वाजवणाऱ्याला आपलं रेकॉर्ड कळतंच असं कुठंय? हॅनेटने काम चांगलं केलं हे हुकने पुढे मान्यही केलंय. ती लिफ्टची घरघर, शेवटच्या गाण्यात फुटणारी काच, टेलिफोन लाइनवरून रेकॉर्ड केलेला गायक इयन कर्टिसचा आवाज, हे सगळं काढून टाक आणि मग सांग काय उरतं ते, चांगला पंक बँड उरतो, तसे त्या काळात इंग्लंडात पैशाला पासरी होते. आणि रेकॉर्ड जिथे संपतं तिथे संपू द्या ना राव! स्ट्रीमिंगवर काच फुटून सगळं शांत होतं न होतं तोच पुढचा ट्रॅक क्लबातून सुरू, डोकंच फिरतं.

रातकिडा:
@खर्ज ऑटोप्ले बंद कर की. डिस्क वेगळी दिलीय, कोणी बळजबरी केलीय?

जुनी_सुई:
मला वेगळाच त्रास आहे. त्यांच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स कंपनीच्या टोनी विल्सनने स्वतःची बचत घालून पहिल्या १०,००० प्रती काढल्या होत्या, बँडचं नावसुद्धा पुढच्या कव्हरवर नाही, नुसत्या पल्सार नावाच्या ताऱ्याच्या रेडिओ लाटा. आता त्या लाटा टी-शर्टवर, मगवर, कुठे नाहीत विचारा. २००७ ला डबल डिस्क, २०१९ ला ४० वर्षं झाली म्हणून पांढरं कव्हर आणि लाल व्हिनाइल. कर्टिस १८ मे १९८० ला गेला, २३ वर्षांचा होता, त्याला कोणी विचारलं का की हे बाहेर काढू का म्हणून? मेलेल्या माणसाचे ड्रॉवर उपसायचे आणि वर त्याला कलेक्टर्स एडिशन म्हणायचं.

निशाचर:
@जुनी_सुई टी-शर्टचं मान्य, तो धंदाच आहे. पण ड्रॉवर कसला? हा काही घरी लपवलेला डेमो नाही, लोकांसमोर, भर क्लबात म्हटलेली गाणी आहेत. आणि खरं सांगू का, कर्टिस गेल्यानंतर सगळ्यांनी हा अल्बम शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकायची सवय लावून घेतली, प्रत्येक ओळीत मरण शोधायचं. त्या जुलैत तो जिवंत होता हो, फिट्सचं निदान होऊन सहाएक महिने झालेले, तरी स्टेजवर उभा राहून ओरडतोय. दुःखी माणूस चोवीस तास दुःखीच असतो असं थोडंच आहे. हे त्या डिस्कमुळे कळतं, रीमास्टरमुळे नाही. रीमास्टर नसतं केलं तरी चाललं असतं, ते मला उगाच चढ्या आवाजाचं वाटतं.

खर्ज:
बघ, आता तूच बँडबद्दल बोलायचं सोडून कर्टिसच्या चरित्रावर गेलास. मी रेकॉर्डबद्दल बोलतोय. त्या गिगची सुरुवातच 'डेड सोल्स'ने होते आणि शेवट 'ट्रान्समिशन'ने, दोन्ही गाणी अल्बमवर नाहीत. मध्येच 'अ‍ॅट्रोसिटी एक्झिबिशन' आहे, ते तर १९८० च्या 'क्लोजर'मधलं. म्हणजे पोरं तोवर पुढच्या अल्बमच्या वाटेला लागली होती. मग याला पहिल्या अल्बमचा बोनस कसा म्हणायचा? ते स्वतंत्र रेकॉर्ड आहे, स्वतंत्र विका.

रातकिडा:
स्वतंत्र विकलं असतं तर घेतलं असतंस?

खर्ज:
नसतं.