निर्गम 2:23-25 : देवाला आधी ऐकू येत नव्हतं का?

वैजू_नगर :
आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक अध्याय वाचतात. सध्या बायबलमधलं निर्गम हे पुस्तक चालू आहे आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या तीन वचनांपाशी मी अडकलेय. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा मरतो, इस्राएल लोक दास्यात कण्हत असतात, त्यांचा आक्रोश वर पोचतो. मग देव ऐकतो, त्याला त्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी केलेला करार आठवतो, तो त्यांच्याकडे बघतो.

पण उत्पत्ती या त्याच्या आधीच्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात देवानेच अब्राहामाला सांगून ठेवलंय की तुझी संतती परक्या देशात 400 वर्षं जाच सोसेल. निर्गम 12:40 मध्ये तर मिसरातली वर्षं 430 दिली आहेत. म्हणजे त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. मग हे ऐकणं, आठवणं, बघणं इतक्या उशिरा कसं?

विचारण्याचं कारण सांगते. माझी आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना 'देव सगळं बघतोय' म्हणून जातो. पाठीला जखम होऊ नये म्हणून मी तिची कूस बदलते, तेव्हा ती डोळे घट्ट मिटून घेते. ते मीही बघतेच की. नुसत्या बघण्याने काय होतं? कृपा करून उपदेश नको. शास्त्रात याचा विचार कसा केलाय, हे ज्यांनी वाचलंय त्यांनी सांगा.

जालनाकर :
ताई, तोच अध्याय पहिल्यापासून वाचा. आक्रोश 23 व्या वचनात येतो, पण त्यांना पुढे मिसरातून सोडवणारा मोशे दुसऱ्याच वचनात जन्मलाय. लव्हाळ्यांच्या पेटीला डांबर आणि राळ लावून त्या बाळाला नदीकाठी ठेवलं. पुढे 7:7 मध्ये तो फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहतो तेव्हा 80 वर्षांचा आहे. लोकांचं कण्हणं लिहिलं जाण्याआधीच देवाचं काम सुरू झालं होतं.

वैजू_नगर :
दादा, हे पटतं, पण अर्धंच. पहिला अध्याय संपतो तो सगळे मुलगे नदीत टाकण्याच्या हुकमाने. मोशे वाचला. शेजारच्या घरातल्या बाईचं बाळ वाचलं नाही. तिने ती 80 वर्षं कशी काढली?

रोह्याचे_ठाण्यात :
वैजूताई, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, मूळचा रोह्याकडचा. त्या शेजारणीच्या प्रश्नाला तोरात, म्हणजे आमच्या शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत, उत्तर दिलेलं नाही, आणि आपण कोणी ते पदरचं देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण तिला बोलायला जागा मात्र दिली आहे, आणि ती भरपूर आहे.

आमच्याकडे ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला उपास असतो. जुनी माणसं त्याला बिरड्याचा रोजा म्हणत, वालाच्या बिरड्यावरून. त्या रात्री जमिनीवर बसून विलापगीत हे शास्त्रातलं शोकाचं पुस्तक वाचतात. माझ्या आजोबांचे गुडघे वाकत नसत, तरी भिंतीला धरून ते खालीच बसायचे. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जाळलं, त्याचा हा शोक. देव बघतो की नाही, अशी चर्चा त्या पाच अध्यायांत कुठेच नाही. आहे ती मागणी: परमेश्वरा, बघ! पहिल्या अध्यायात तीनदा, दुसऱ्यात पुन्हा, पाचव्याच्या पहिल्याच वचनात पुन्हा. दुसऱ्या अध्यायात तर, तू हे कोणाचं केलंस ते बघ, असं सुनावून विचारलंय की आयांनी स्वतःची लेकरं खावीत का? तिसऱ्यात म्हटलंय, तू आपल्याभोवती ढग ओढून घेतलास, आमची प्रार्थना आत शिरू नये म्हणून. शेवटचं वचन 'तू आम्हाला अगदीच टाकलंस की काय' अशा अर्थाचं आहे. तिथेच थांबवत नाही म्हणून त्याच्या आधीचं, आम्हाला परत वळव म्हणणारं वचन सगळे मिळून पुन्हा म्हणतात. पण ते शेवटचं वचन कोणी गाळलेलं नाही. इतकी तक्रार ज्याच्या तोंडावर करायची, त्याला ऐकू येतं हे धरूनच करायची.

आणि उत्पत्तीतली हागार आठवा. ती मिसरी दासी, आणि तिला गांजणारी सारा म्हणजे अब्राहामाची बायको, आमचीच मूळ आई. इब्री लोक, म्हणजे हेच इस्राएल, मिसरात राबले त्याच्या कितीतरी आधी इब्री घरात एक मिसरी बाई रडली, आणि देवाने तिला पाहिलं. मला पाहणारा देव, असं नाव तिनेच त्याला दिलं. तरी दूत तिला मालकिणीकडेच परत पाठवतो. हा भाग मला आजही जड जातो.

पुढे निर्गमाच्या 22 व्या अध्यायात, दास्यातून सुटलेल्या लोकांनाच बजावलंय की विधवेला, पोरक्याला गांजाल तर त्यांचा आक्रोश मी ऐकेन. 'देव बघतोय' हे खरं तर जाच करणाऱ्याला ऐकवायचं वाक्य आहे. तुमच्या आईच्या खाटेपाशी उभं राहून ते म्हणणाऱ्यांनी आधी कूस बदलायला हात लावावा.

सोलापूर_मास्तर :
ईयोबाच्या पुस्तकात, चांगला असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाला तर देवाचं बघणंच असह्य झालंय. सातव्या अध्यायात तो म्हणतो, मला आवंढा गिळण्यापुरतं तरी सोड, तुझी नजर हटणार कधी? त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. पुढे त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली. 42 व्या अध्यायात देव रागावतो तो या कारणं देणाऱ्यांवर, आणि ईयोब माझ्याविषयी नीट बोलला असं म्हणतो. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय बोलणं झालं ते आपल्याला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

वैजू_नगर :
मास्तर, हे मला माहीत असूनही असं कधी वाचलं नव्हतं. ठाण्याचे दादा, तुमचं तर दोनदा वाचलं. आता एक साधी विचारणा. आईला बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं. तिला मोठ्याने काय वाचून दाखवू? 23 वं स्तोत्र नको, येणारे सगळे तेच वाचतात.

रोह्याचे_ठाण्यात :
13 वं घ्या. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत चार वेळा 'कोठवर' विचारलंय, म्हणजे जे तिला बोलता येत नाही ते तिच्या वतीने म्हटलं जाईल. दुसरं 56 वं, त्यात देवाला सांगितलंय की माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव. 88 वं आधी तुम्ही एकटीने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. आईपुढे वाचायचं की नाही, ते तिच्याकडे बघून तुम्हालाच कळेल.